आशियाई क्रीडास्पर्धेतले बॅडमिंटन पहिल्यांदा पाहणाऱ्यांसाठी

आशियाई क्रीडास्पर्धेतले बॅडमिंटन पाहायला बसणारा नवा प्रेक्षक बहुधा एखाद्या ओळखीच्या नावासाठी बसतो आणि ते नाव स्पर्धेतून बाहेर पडले की टीव्ही बंद करतो. त्यात त्याची चूक काही नाही, कारण त्याच्यापर्यंत पोहोचतात त्या फक्त पदकाच्या बातम्या. ते पदक कोणत्या वाटेने आले आणि नेमके कोणत्या दिवशी काय पणाला लागले होते, हे त्याला सहसा कोणी सांगत नाही. ज्याला बॅडमिंटन म्हणजे जाळीवरून फूल पलीकडे टोलवण्याचा खेळ एवढीच माहिती आहे, अशा प्रेक्षकाने या स्पर्धेच्या पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत काय पाहावे आणि कुठे लक्ष ठेवावे, ते येथे क्रमाने सांगतो. २०२६ ची स्पर्धा जपानमधील ऐची-नागोया येथे १९ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर या काळात ठरलेली आहे. उदाहरणे मात्र मी बहुतेक चीनमधील हांगझोच्या स्पर्धेतली घेतली आहेत. ती स्पर्धा नावाने २०२२ ची असली तरी करोनामुळे एक वर्ष पुढे ढकलली गेली आणि प्रत्यक्षात २०२३ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये खेळली गेली, त्यामुळे दोन्ही वर्षांचे उल्लेख वाचताना गोंधळ होऊ देऊ नये.

पहिली पायरी: दहा दिवसांचा आराखडा

बॅडमिंटन या स्पर्धेत १९६२ मध्ये जाकार्ता येथे आले आणि तेव्हापासून ते कायम आहे. आज त्यात सात सुवर्णपदके असतात. पुरुष एकेरी, महिला एकेरी, पुरुष दुहेरी, महिला दुहेरी आणि मिश्र दुहेरी ही पाच वैयक्तिक, आणि पुरुषांचे व महिलांचे अशी दोन सांघिक. सांघिक लढती आधी होतात आणि त्या संपल्या की लगेच वैयक्तिक फेऱ्या सुरू होतात. हांगझोत २८ सप्टेंबर ते १ ऑक्टोबर हे चार दिवस सांघिक सामन्यांचे होते आणि २ ते ७ ऑक्टोबर हे सहा दिवस वैयक्तिक सामन्यांचे. मध्ये विश्रांतीचा एकही दिवस नव्हता. दिनदर्शिकेवर ही एक रेघ आधीच ओढून ठेवावी, कारण जो खेळाडू सांघिक अंतिम फेरीपर्यंत गेला आहे तो वैयक्तिक फेरीत थकलेल्या पायांनी उतरतो, आणि ज्याचा संघ लवकर हरला आहे तो ताजातवाना असतो. पहिल्या-दुसऱ्या फेरीतले काही अनपेक्षित निकाल एवढ्यावरूनच उलगडतात.

दुसरी गोष्ट प्रवेशाची. वैयक्तिक प्रकारात प्रत्येक देशाला फक्त दोन प्रवेश मिळतात. जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत एखाद्या बलाढ्य देशाचे चार-चार खेळाडू एकाच प्रकारात दिसू शकतात. येथे तसे होत नाही. चीन, इंडोनेशिया, जपान किंवा दक्षिण कोरिया यांचा तिसऱ्या क्रमांकाचा खेळाडू जगातल्या पहिल्या वीसांत असूनही वैयक्तिक फेरीत दिसत नाही. याचा परिणाम असा होतो की सुरुवातीच्या फेऱ्या तुलनेने सोप्या वाटतात आणि उपांत्यपूर्व फेरीत एकदम भिंत उभी राहते. बॅडमिंटनमधले बहुतेक बलाढ्य देश आशियातच असल्यामुळे त्या भिंतीची उंची जागतिक स्पर्धेपेक्षा फारशी कमी नसते. डेन्मार्कची एक फळी वगळली तर उरलेले बहुतेक सारे येथे हजर असतात.

फलकावरची नावे वाचताना एवढे लक्षात असू द्यावे की तैवानचा संघ येथे ‘चिनी तैपेई’ या नावाने खेळतो आणि हाँगकाँगचा संघ चीनपासून स्वतंत्र असतो.

दुसरी पायरी: ड्रॉ वाचणे

ड्रॉ, म्हणजे कोणाची गाठ कोणाशी पडणार हे दाखवणारा तक्ता, जाहीर झाला की तो समोर ठेवावा आणि आपल्याला ज्या खेळाडूत रस आहे त्याच्या नावावर बोट ठेवून उजवीकडे सरकत जावे. प्रत्येक रकान्यात त्याची गाठ कोणाशी पडू शकते हे पाहावे. नावापुढे कंसात आकडा असेल तर ते मानांकन असते आणि ते जागतिक क्रमवारीवरून ठरते. पहिला आणि दुसरा मानांकित ड्रॉच्या दोन टोकांना असतात, त्यामुळे त्यांची भेट झालीच तर अंतिम फेरीत होते. काही खेळाडूंना पहिल्या फेरीत प्रतिस्पर्धीच नसतो. त्याला पुढे चाल म्हणतात, आणि ती मिळालेला खेळाडू एक सामना कमी खेळून पुढे आलेला असतो.

आता या स्पर्धेतली अशी गोष्ट, जी माहीत नसेल तर सगळा ड्रॉ चुकीचा वाचला जातो. येथे तिसऱ्या क्रमांकासाठी सामना नसतो. उपांत्य फेरीत हरणाऱ्या दोघांनाही कांस्यपदक मिळते, आणि सांघिक प्रकारातही हाच नियम आहे. म्हणजे उपांत्यपूर्व सामना जिंकला की पदक पक्के. त्यामुळे ज्या दिवशी उपांत्यपूर्व सामने असतात तो दिवस मी कधीही चुकवत नाही, आणि नव्या प्रेक्षकाला ज्या एकाच दिवसासाठी वेळ काढता येणार असेल त्यालाही मी अंतिम फेरीऐवजी तोच दिवस सुचवीन. अंतिम फेरीत उतरणाऱ्या दोघांच्या हाती निदान रौप्य तरी आलेले असते; उपांत्यपूर्व फेरीत उतरणाऱ्या आठांपैकी चार जण रिकाम्या हाताने परतणार असतात, आणि हे त्या आठांनाही ठाऊक असते. हांगझोत पुरुष एकेरीत भारताचा एच. एस. प्रणॉय आणि मलेशियाचा ली झी जिया यांची लढत अशीच झाली. प्रणॉयने पहिला गेम, म्हणजे २१ गुणांचा डाव, २१-१६ असा घेतला, दुसरा २१-२३ असा गमावला आणि तिसऱ्यात प्रतिस्पर्ध्याचे दोन मॅच पॉइंट, म्हणजे एका गुणाने सामना संपण्याचे दोन प्रसंग, वाचवून तो २२-२० असा जिंकला. त्या शेवटच्या दोन-चार रॅलींत, म्हणजे एकेका गुणासाठीच्या टोलवाटोलवीत, एकाचे पदक पक्के झाले आणि दुसऱ्याच्या हाती काहीच राहिले नाही.

तिसरी पायरी: सुरुवात सांघिक लढतीपासून करावी

या लेखात माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे, तो म्हणजे सांघिक लढती पाहण्याचा. नवे प्रेक्षक त्यांना सराव समजून सोडून देतात. प्रत्यक्षात एका बैठकीत एकेरी आणि दुहेरी दोन्ही पाहायला मिळतात, वेगवेगळ्या शैलींचे खेळाडू एकामागून एक येतात, आणि प्रत्येक सामन्याचे वजन मागच्या सामन्याच्या निकालावर ठरत असल्यामुळे खेळातले बारकावे कळत नसतानाही ताण कळतो. शिकण्यासाठी याहून चांगली जागा नाही.

सांघिक लढत पाच सामन्यांची असते आणि जो संघ आधी तीन सामने जिंकतो तो लढत जिंकतो. हांगझोत क्रम एकेरी, दुहेरी, एकेरी, दुहेरी, एकेरी असा होता. पुरुषांच्या लढतीत सगळे सामने पुरुषांचे आणि महिलांच्या लढतीत सगळे महिलांचे. मिश्र दुहेरी या लढतींत नसते. एकेरीचे खेळाडू संघातल्या वरच्या क्रमवारीप्रमाणे उतरतात, त्यामुळे पहिल्या सामन्यात दोन्ही देशांचे अव्वल खेळाडू समोरासमोर येतात आणि पाचव्या, म्हणजे कदाचित निर्णायक ठरणाऱ्या सामन्यात तिसऱ्या क्रमांकाचे. संघाची खरी ताकद या तिसऱ्या खेळाडूवरून आणि दुसऱ्या जोडीवरून मोजावी. एखाद्या देशाकडे एक जगप्रसिद्ध खेळाडू असेल, पण तो एक सामना जिंकून देऊ शकतो. उरलेले दोन कोण आणणार, हा प्रश्न लढत सुरू होण्याआधीच स्वतःला विचारावा.

हांगझोतील भारतीय पुरुष संघाची वाटचाल हा यासाठी उत्तम धडा आहे. उपांत्यपूर्व फेरीत भारताने नेपाळला ३-० असे हरवले आणि तेथेच पदक निश्चित झाले. उपांत्य फेरीत गाठ दक्षिण कोरियाशी पडली. त्या लढतीत भारताने एकेरीचे तिन्ही सामने जिंकले आणि दुहेरीचे दोन्ही गमावले. प्रणॉयने पहिला सामना तीन गेममध्ये काढला, सात्विकसाईराज रंकीरेड्डी आणि चिराग शेट्टी ही अव्वल जोडी हरली, लक्ष्य सेनने आपला सामना सहज घेतला, दुसरी जोडीही हरली, आणि २-२ अशा बरोबरीवर किदम्बी श्रीकांतने पहिला गेम गमावल्यावर उरलेले दोन जिंकून संघाला अंतिम फेरीत नेले. जी लढत कागदावर ३-२ अशा दोन आकड्यांत मावते तिच्यात अव्वल जोडीची पडझड, पिछाडीवरून पुनरागमन आणि शेवटच्या माणसावर आलेले ओझे, एवढे सगळे एका बैठकीत घडले होते.

१ ऑक्टोबरला अंतिम लढत यजमान चीनशी होती आणि पाठीच्या दुखापतीमुळे प्रणॉय खेळू शकला नाही. अशा वेळी काय होते ते नीट पाहावे. अव्वल खेळाडू बाहेर गेला की रिकामी जागा शेवटची उरते, कारण मागचे सगळे एकेक पायरी वर सरकतात: दुसरा पहिल्याच्या जागी, तिसरा दुसऱ्याच्या जागी, आणि तिसऱ्या जागेवर एरवी बाकावर बसलेला चौथा खेळाडू येतो. लक्ष्यने शी युकीला २२-२०, १४-२१, २१-१८ असे हरवले. सात्विक आणि चिराग यांनी लियांग वेकेंग आणि वांग चांग यांना २१-१५, २१-१८ असे हरवले. भारत २-० असा पुढे होता, सुवर्णपदकाला एकच सामना हवा होता. मग श्रीकांत ली शिफेंगकडून २२-२४, ९-२१ असा हरला, ध्रुव कपिला आणि साई प्रतीक यांची जोडी हरली, आणि पाचव्या सामन्यात वर सरकून आलेला मिथुन मंजुनाथ वेंग हाँगयांगसमोर १२-२१, ४-२१ असा उणा पडला. चीन ३-२ असा जिंकला. हे रौप्य भारताचे पुरुष सांघिक प्रकारातले तोवरचे सर्वांत मोठे यश होते; त्याआधी १९७४, १९८२ आणि १९८६ मध्ये या प्रकारात कांस्यपदके मिळाली होती.

श्रीकांतच्या गुणसंख्येकडे पुन्हा एकदा पाहावे. २२-२४ आणि मग ९-२१. पहिला गेम इतका अटीतटीचा आणि दुसरा इतका एकतर्फी, असे आकडे दिसले की त्यांच्यामागे काय घडले असेल याचा विचार करण्याची सवय लावून घ्यावी. बहुधा खेळाडूने पहिल्या गेममध्ये आपल्याजवळचे होते नव्हते ते ओतलेले असते आणि तो निसटल्यावर पाय जड होतात. निकाल वाचण्याची ही सवय लागली की न पाहिलेल्या सामन्यांविषयीही पुष्कळ कळू लागते.

चौथी पायरी: गुणांची पद्धत आणि कोर्टच्या रेषा

नियम थोडक्यात सांगतो, कारण ते पाहता पाहता अंगवळणी पडतात. सामना तीन गेमचा असतो आणि दोन जिंकणारा विजयी ठरतो. २००६ पासून रूढ झालेल्या पद्धतीनुसार गेम २१ गुणांचा असतो आणि सर्व्हिस कोणाचीही असली तरी प्रत्येक रॅलीला एक गुण मिळतो. २०-२० अशी बरोबरी झाली तर दोन गुणांची आघाडी लागते; २९-२९ झाले तर पुढचा एकच गुण निर्णायक असतो. कोणाही एकाचे ११ गुण झाले की एक मिनिटाची विश्रांती, दोन गेमच्या मध्ये दोन मिनिटांची. प्रत्येक गेमनंतर बाजू बदलतात, आणि तिसऱ्या गेममध्ये ११ गुणांवर पुन्हा एकदा.

कोर्ट १३.४० मीटर लांब असते. दुहेरीसाठी त्याची रुंदी ६.१० मीटर आणि एकेरीसाठी ५.१८ मीटर धरतात, म्हणून दोन्ही बाजूंना दोन-दोन रेषा दिसतात. एकेरीत कडेचे पट्टे कोर्टबाहेरचे समजावेत. दुहेरीत सर्व्हिस मात्र मागच्या रेषेच्या ७६ सेंटिमीटर आतल्या रेषेपर्यंतच टाकता येते. नव्या प्रेक्षकाला आत पडल्यासारखी वाटणारी सर्व्हिस पंच बाहेर देतात ती या रेषेमुळे. सर्व्हिस करणाऱ्याचे गुण सम असतील तर तो उजव्या चौकटीतून सर्व्हिस करतो, विषम असतील तर डाव्या. पंच गुण पुकारतात तेव्हा सर्व्हिस करणाऱ्याचे आधी सांगतात.

पाचवी पायरी: नजर कुठे ठेवावी

सुरुवातीला मीही फक्त फुलाकडे पाहत असे, आणि दहा-पंधरा मिनिटांत मान दुखून खेळ मात्र काही कळत नसे. फूल इतके वेगाने फिरते की त्याच्यामागे धावणारी नजर नेहमी एक फटका मागे राहते. सात्विकने मारलेल्या स्मॅशचा, म्हणजे वरून खाली जोरात मारलेल्या फटक्याचा, वेग ताशी ५६५ किलोमीटर नोंदला गेला आहे आणि तो गिनेस विक्रम आहे. ती नोंद २०२३ मध्ये जपानमध्ये मुद्दाम केलेल्या चाचणीत झाली, सामन्यात नव्हे. तो वेग रॅकेट सोडतानाचा असतो. सोळा पिसांचे आणि पाच ग्रॅमच्या आसपास वजनाचे फूल हवेच्या अडथळ्यामुळे लगेच मंदावते आणि म्हणूनच समोरचा खेळाडू ते परतवू शकतो.

एकेरी पाहताना नजर फुलावरून काढून एकाच खेळाडूच्या पायांवर ठेवावी. प्रतिस्पर्धी फटका मारण्याच्या क्षणी हा खेळाडू जागच्या जागी एक बारीकशी उडी घेतो आणि पाय जमिनीला टेकताच कोणत्याही दिशेला निघतो. तो वेळेत कोर्टच्या मध्याशी परतत आहे का, की फटका मारून तेथेच अडकत आहे, हे पाहावे. मागच्या एका कोपऱ्यातून जाळीजवळच्या विरुद्ध कोपऱ्यात त्याला पुन्हा पुन्हा पळवले जात असेल तर तीन-चार फटक्यांनंतर त्याचे परतणे अर्धवट राहू लागते, आणि गुण तेथेच गेलेला असतो. स्मॅश किंवा जाळीत अडकलेले फूल ही नंतरची औपचारिकता असते. एकदा हे दिसू लागले की रॅली कोण जिंकणार ते दोन फटके आधी सांगता येते, आणि तो आनंद मोठा आहे.

पायांनंतर रॅकेट. २०१८ मध्ये जाकार्ता येथे पी. व्ही. सिंधू अंतिम फेरीत चिनी तैपेईच्या ताय त्झू यिंगकडून १३-२१, १६-२१ अशी हरली आणि भारताला या स्पर्धेतले बॅडमिंटनचे पहिले रौप्य मिळाले. तायच्या सामन्यांची चित्रणे पाहताना तिचे रॅकेट फुलाजवळ पोहोचूनही किंचित थांबते ते पाहावे. त्या थांबण्यात समोरचीचे वजन एका पायावर जाते, आणि मग मनगट दुसरीकडे वळते. सिंधू उंच आहे, तिची पोहोच मोठी आहे, पण चुकीच्या पायावर गेलेल्या वजनापुढे पोहोचीचा उपयोग होत नाही.

दुहेरीचे डोळे वेगळे लागतात. जोडी आक्रमणात असली की एक पुढे आणि एक मागे अशी उभी राहते, बचावात गेली की दोघे शेजारी शेजारी येतात. या दोन रचनांमधला बदल पाहत राहिले तरी दुहेरी निम्मी समजते. सात्विक मागून स्मॅश मारतो आणि चिराग जाळीजवळ थांबून कच्चे परतलेले फूल संपवतो, ही त्यांची आवडती मांडणी आहे. प्रतिस्पर्धी म्हणूनच चिरागला मागे आणि सात्विकला पुढे खेचण्याच्या प्रयत्नात असतात.

दुहेरीतली सर्व्हिस मात्र अगदी जवळून पाहावी. सर्व्हिस करणारा पुढच्या रेषेला लागून उभा असतो. फुलाचे पिसांकडचे टोक त्याने अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत धरलेले असते, रॅकेट त्यामागे कमरेपाशी आडवे. समोरचा खेळाडू जाळीपासून सुमारे दोन मीटरवरच्या रेषेला पाऊल भिडवून, रॅकेट डोक्याच्या उंचीवर धरून, झेप घेण्याच्या बेतात वाकलेला असतो. हॉलमध्ये एक-दोन क्षण शांतता पसरते. मग रॅकेट एखादी वीतभरच पुढे सरकते आणि फूल जाळीच्या पट्टीवरून जेमतेम बोटभर अंतराने पलीकडे जाते. ते चार बोटे वर गेले तर समोरचा त्यावर तुटून पडतो आणि गुण संपतो. फूल मारले जाताना ते संपूर्णपणे जमिनीपासून १.१५ मीटरच्या खाली असावे लागते, दोन्ही पाय जमिनीला टेकलेले असावे लागतात, आणि हे पाहण्यासाठी सर्व्हिस पंच खास खाली बसून बघत असतात. दुहेरीतला निम्मा सामना या पहिल्या दोन फटक्यांत घडतो, असे मी म्हटले तर त्यात अतिशयोक्ती नाही.

सहावी पायरी: वारा, फूल आणि थांबे

बॅडमिंटन बंद हॉलमध्ये खेळतात, तरी तेथे वारा असतो. मोठ्या हॉलमधील वातानुकूलन हवेचा मंद प्रवाह निर्माण करते, तो टीव्हीवर दिसत नाही, पण खेळाडूला पहिल्या पाच मिनिटांत कळतो. वारा पाठीशी असेल तर मारलेली उंच फुले मागच्या रेषेबाहेर जातात. समोरून असेल तर ती आखूड पडतात आणि प्रतिस्पर्ध्याला स्मॅश मिळतो. एखादा खेळाडू एक गेम सहज जिंकून पुढच्यात अचानक चाचपडू लागला तर आधी बाजू बदलली आहे हे आठवावे. तिसऱ्या गेममध्ये ११ गुणांवर बाजू बदलतात, त्यामुळे चांगल्या बाजूला असताना मिळवलेली आघाडी किती, हा त्या क्षणाचा खरा प्रश्न असतो.

फुलांचा वेगही तपासला जातो. खेळाडू मागच्या रेषेवरून, खालून वर, पूर्ण ताकदीने एक फटका मारतो. फूल पलीकडच्या मागच्या रेषेच्या ५३ ते ९९ सेंटिमीटर अलीकडे पडले तर त्याचा वेग योग्य समजतात. सामना सुरू होण्यापूर्वी पाहायला लवकर गेलात तर हे दृश्य चुकवू नये.

ज्या कोर्टवर चॅलेंजची यंत्रणा असते तेथे खेळाडू रेषेच्या निर्णयाला आव्हान देऊ शकतो. आव्हान बरोबर निघाले तर ते शिल्लक राहते, दोन चुकली की सामन्यापुरती संधी संपते. म्हणून अनुभवी खेळाडू एखादे आव्हान शेवटच्या गुणांसाठी राखून ठेवतात. पिवळे कार्ड म्हणजे ताकीद, लाल कार्ड मिळाले की प्रतिस्पर्ध्याला गुण, आणि काळे कार्ड म्हणजे स्पर्धेतून बाद.

दुखापत झाली तर या खेळात आपल्या इच्छेने हवा तेवढा वेळ थांबता येत नाही. डॉक्टर कोर्टवर येतात, तपासतात, आणि खेळाडूने खेळायचे की सोडायचे हे लवकर ठरवायचे असते. हांगझोच्या महिला एकेरीच्या अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाच्या आन से-यंगचा गुडघा पहिल्याच गेममध्ये दुखावला. तिने चीनच्या चेन युफेईविरुद्ध तो गेम २१-१८ असा घेतला, दुसरा १७-२१ असा गमावला आणि तिसरा २१-८ असा जिंकला. त्या तिसऱ्या गेमचे चित्रण मिळाले तर अवश्य पाहावे. दुखऱ्या पायाने ती स्मॅशच्या मागे लागली नाही, फूल उंच आणि खोल टाकत राहिली, रॅली लांबवत राहिली, आणि थकली ती चेन. १९९४ नंतर दक्षिण कोरियाला महिला एकेरीचे सुवर्ण तेव्हा मिळाले.

सातवी पायरी: हॉलमध्ये किंवा घरी

तिकीट साधारणपणे एका सत्राचे असते, विशिष्ट सामन्याचे नसते. सुरुवातीच्या फेऱ्यांत एकाच वेळी अनेक कोर्टवर सामने चालतात, म्हणून दिवसाचा सामन्यांचा क्रम आधी पाहून ठेवावा. आधीचे सामने लांबले तर पुढचे सरकतात, तेव्हा दिलेली वेळ अंदाजाचीच समजावी. जागा निवडता येत असेल तर पहिल्या वेळी कोर्टच्या टोकाला, मागच्या रेषेच्या मागे आणि थोडी उंचावर घ्यावी. खेळाडूला जसे कोर्ट दिसते तसे तेथून दिसते आणि मोकळ्या जागा चटकन ध्यानात येतात. बाजूच्या जागेवरून वेग आणि फुलाची उंची छान दिसते, पण डावे-उजवे कळत नाही. कॅमेऱ्याचा फ्लॅश बंद ठेवावा, आणि सर्व्हिसच्या वेळी हाका मारू नयेत.

घरी पाहणाऱ्यांनी वेळेचे गणित करून ठेवावे. जपानची वेळ भारताच्या साडेतीन तास पुढे आहे, म्हणजे तेथे सकाळी १० वाजता सुरू होणारे सत्र येथे सकाळी साडेसहाला सुरू होईल आणि तेथील संध्याकाळी सहाचा सामना येथे दुपारी अडीचला असेल. नोकरी करणाऱ्यांसाठी याचा अर्थ असा की महत्त्वाचे बरेच सामने कामाच्या वेळेत येऊ शकतात. उपांत्यपूर्व फेरीच्या दिवसाची रजा आधीच टाकावी, असे मी मनापासून सांगेन. जवळ एक वही ठेवावी आणि प्रत्येक गेममध्ये ११ गुणांवर असलेली गुणसंख्या लिहून ठेवावी. दोन दिवसांत त्या वहीतून कोणता खेळाडू विश्रांतीनंतर सुधारतो आणि कोण घसरतो, हे आपले आपल्यालाच दिसू लागते.

शेवटचा दिवस

शेवटच्या दिवशी वैयक्तिक अंतिम सामने एकामागून एक होतात. हांगझोत ७ ऑक्टोबर २०२३ रोजी सात्विक आणि चिराग यांनी दक्षिण कोरियाच्या चोई सोल-ग्यू आणि किम वोन-हो यांना २१-१८, २१-१६ असे हरवले आणि भारताला या स्पर्धेतले बॅडमिंटनचे पहिले सुवर्णपदक मिळाले. सांघिक उपांत्य लढतीत हीच जोडी दुसऱ्या एका कोरियन जोडीकडून हरली होती. ज्यांनी तो सामना पाहिला होता त्यांना मधल्या आठवड्यात या दोघांनी काय सावरले ते दिसले. ज्यांनी फक्त अंतिम सामना पाहिला त्यांना एक सरळ विजय दिसला.

सामना संपल्यावर पदकदान होईपर्यंत थांबावे. एकेरीच्या व्यासपीठावर तिघांऐवजी चौघे असतात, कारण कांस्यपदके दोन. १९८२ मध्ये दिल्लीत सय्यद मोदी यांना पुरुष एकेरीचे कांस्य मिळाले होते. त्यानंतर या प्रकारात भारताचे नाव ४१ वर्षांनी हांगझोत आले. ते प्रणॉयचे होते, ज्याला सहा दिवसांपूर्वी पाठीच्या दुखापतीमुळे सांघिक अंतिम लढत सोडावी लागली होती.